बाबा, तुमच्या पांदणीनं वावरात जाऊन आली

प्रिय आई-बाबा,

फोनवर अर्धं सांगायचं राहूनच जाते म्हणून लिहून राहिली. रविवारी सकाळी स्कूटी घरीच ठेवली अन् पांदणीनं पायी निघाली, बोडीपर्यंत, त्या छोट्या तळ्यापर्यंत, जाऊन परत येऊ म्हटलं तर पार आपल्या वावरात पोचली, मोबाईलनं 16 हजार पावलं दाखवली. बाबा म्हणतील यात काय मोठं, आम्ही डोक्यावर भारा घेऊन जायचो. हाव, माहीत आहे!

पळसाला तीन पानं पण उरली नाही, नुसती फुलं. पण खरी गर्दी बोडीच्या पाळीवरच्या काटेसावरीवर. साळुंक्या, कोतवाल, बुलबुल, वरून भोरड्यांचा थवा, (हे एवढ्या लांबून, मध्य आशियातून येतात म्हणे, एप्रिलपर्यंत परत जातील) सगळे फुलात तोंड खुपसून बसलेले अन् भांडण पण चालूच. एक फूल माझ्यासमोरच थप्पकन पडलं, उचललं तर चांगलं जड, पाकळी ओल्या चामड्यासारखी जाड, आत दोन मुंगळे. खाली चार वानेरं बसून तीच फुलं आरामात खाऊन राहिले होते, माझ्याकडं पाहिलं पण नाही.

आई, मोह अजून पडायला लागला नाही, कळ्यांचे झुपके दिसतात फक्त. पण फुलं वेचायला सोपं जावं म्हणून कोणीतरी आत्तापासूनच झाडाखालचा पाला जाळून ठेवला, लय राग आला, वारं सुटलं तर ती आग जंगलात जाते ना. तू खराट्यानं झाडून घ्यायचीस ते आठवलं.

तांबट पक्षी टुकटुक करून राहिला होता पण दिसला नाही शेवटपर्यंत. तो तुमच्याकडं नागपुरातही असतो, दुपारी टीव्ही बंद करून गॅलरीत बसा जरा.

अन् बाबा, आपल्या वावरात टिटवी माझ्या डोक्यावरून ओरडत सारखी खाली झेपावून राहिली होती, म्हटलं इथं काहीतरी आहे. पाय जपून टाकत पाहिलं तर ढेकळांत चार अंडी, टोकं आतल्या बाजूला, मातीच्याच रंगाची, अजून एक पाऊल टाकलं असतं तर फुटलीच असती. फोटो काढला अन् लगेच मागं फिरली. ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलं, तेवढा तुकडा सोडून दे.

टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, खाली घातली तर कमी, असं म्हणतात ना? पण हिनं उंच धुऱ्यावर, बांधावर नाही घातली, खाली बांधीतच, खाचरातच घातली. आता सांगा, यंदा पाऊस कसा म्हणता?

तुमची,
छोटी