धुराचा वास न आलेला बार्बेक्यू

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबा "बरंय ना सगळं?" एवढं विचारतात आणि लगेच फोन आईच्या हातात देतात. आईचं निम्मं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे. म्हणून म्हटलं, लिहावं. शिवाय मला एक गाऱ्हाणं सविस्तर सांगायचंय, आणि ते मन लावून ऐकेल असा माणूस बाबांशिवाय माझ्या ओळखीत नाही.

शनिवारी आम्ही चौघं सॅन अँटोनियोला जाऊन आलो. ऑस्टिनपासून साधारण 80 मैल. ऑफिसातली तेलुगू मैत्रीण, तिचा नवरा आणि शिकागोहून आलेली तिची चुलत बहीण. बहिणीला टेक्सास दाखवायचं म्हणून हा सगळा घाट.

आधी अलामो पाहिलं. पहिल्यांदा बघताना जरा हिरमोडच होतो. केवढंसं दगडी चर्च आणि भोवती उंच हॉटेलं. तिकीट नाही, पण आत जायची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. 1836 साली सांता आनाच्या मेक्सिकन फौजेने टेक्सासच्या बंडखोरांना इथे 13 दिवस वेढलं आणि 6 मार्चला पहाटे आत घुसून लढणारे जवळजवळ सगळे कापून काढले. बाबा, तुम्ही आता पावनखिंड काढणार. माझ्याही मनात आलीच. पण बाजीप्रभूंना महाराज विशाळगडी पोचेपर्यंत वेळ काढायचा होता. इथे सुखरूप पोचवायचं असं कोणीच नव्हतं, त्यामुळे उगाच का अडून बसले हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. तुम्ही आलात की यावर वाद घालू.

नदी मात्र तुम्हाला फार आवडेल. पाटबंधारे खात्यातल्या माणसाने बघावी अशी आहे. शहराच्या मधोमध, रस्त्यापेक्षा चांगली मजलाभर खाली वाहते. दगडी पायऱ्या उतरलं की दोन्ही काठांनी फरसबंद वाट, सायप्रसची थोराड झाडं, कमानींचे पूल. 1921 च्या सप्टेंबरात इथे पूर आला, पन्नासच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर वरच्या अंगाला धरण झालं, आणि शहरातलं नदीचं वळण बुजवून खालून गटार सोडा, वर रस्ता करा अशी सूचना पुढे आली. शहरातल्या काही बायकांनी संस्था काढून विरोध केला. 1929 मध्ये रॉबर्ट हगमन या वास्तुविशारदाने काठाच्या वाटेचा आराखडा मांडला आणि 1939 ते 41 मध्ये तो बांधूनही झाला. आता पुराचं पाणी वळणात शिरू नये म्हणून दारं आहेत, आणि जादा पाणी शहराखालच्या सुमारे 3 मैल लांबीच्या बोगद्यातून पलीकडे काढतात. 2019 ला पंचगंगा गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा बाबा दर तासाला पायरीवर खडूने खूण करत होते, ते आठवलं. बाकीचे सेल्फी काढत होते, मी त्या दारांचे फोटो काढले. व्हॉट्सॲपवर पाठवलेत, मोठे करून बघा.

आता गाऱ्हाणं. दीड वाजला होता, ऊन 38 अंश, पाहुणीला बार्बेक्यू खाल्ल्याशिवाय परत जायचं नव्हतं आणि काठावर छत्रीखालचं टेबल रिकामं होतं. बसलो.

मला पहिल्यांदा खटकलं ते हे की धुराचा वासच नव्हता. आपल्याला वाटतं बार्बेक्यू म्हणजे निखाऱ्यावर भाजणं. इथली पद्धत वेगळी. ओकची लाकडं एका बाजूला जळतात, मांस दुसऱ्या बाजूला असतं, त्याच्यावरून फक्त धग आणि धूर जातो. 110-120 अंशांवर बारा-बारा तास. मसाला काय, तर मीठ आणि भरड मिरी, बास. (आई, नाक मुरडू नकोस, चव लागते.) यातला मानाचा तुकडा म्हणजे ब्रिस्केट, जनावराच्या छातीचा. सगळ्यात राठ मांस तेच, पण मंद आचेवर त्यातले चिवट धागे विरघळतात आणि मांस लोण्यासारखं होतं. सीन्याचं मटण घाईने शिजवू नये असं बाबा दर रविवारी कोणाला ना कोणाला सांगतात, तेच शास्त्र. ब्रिस्केट गाईचं असतं, ते मित्रमंडळींच्या ताटात होतं. मी टर्की आणि डुकराच्या बरगड्या घेतल्या, तेव्हा आई, निर्धास्त राहा.

ताट आलं. बरगडी उचलली तर हाड सुळकन बाहेर आलं, धुतल्यासारखं स्वच्छ. पाहुणी म्हणाली, "वा, किती मऊ!" अगं, चांगल्या बरगडीचं मांस दातांनी ओढावं लागतं, जिथे चावलं तिथलंच निघायला हवं. हाड आपसूक सुटलं म्हणजे ती वाफेत किंवा पाण्यात शिजवून गळून गेलीय. वरून सॉस इतका गोड की मुरांब्यात बुडवल्यासारखा, आणि सॉसखाली मांस राखाडी. ब्रिस्केटच्या कडेला धुराने जी गुलाबी रेघ येते, तिचा पत्ता नव्हता. मैत्रिणीच्या नवऱ्याने काप काट्याने उचलला तर मधोमध तुटून परत ताटात पडला, भुगा होऊन. आणि माझी टर्की कडेला चटका बसेल इतकी गरम, मध्ये गार. हे कशाने होतं ते सांगायला नको, तुमच्याही ओट्यावर मायक्रोवेव्ह आहेच.

ताटं उचलायला आलेल्या मुलाला मी सहज विचारलं, भट्टी कुठेय रे? कॉलेजात जाणारा पोरगा असावा. मागे बघून हळूच म्हणाला, "इथे नाही. पिशव्यांतून तयार येतं, आम्ही गरम करतो." बिल माणशी चाळीस डॉलर. 8.25 टक्के विक्रीकर वेगळा, टिप त्यांनी स्वतःच लावून टाकलेली. पोराचा राग नाही आला. पण जिथे गिऱ्हाईक परत येणारच नाही हे मालकाला पक्कं ठाऊक असतं, तिथे पहाटे उठून लाकडं कोण लावणार?

मला खरं वाईट वाटलं ते वेगळंच. बाकीचे म्हणाले, "ठीक होतं की, जागा किती छान होती." कोणी कुरकुरलंसुद्धा नाही. बाबा असते तर पहिल्या घासाला मालकाला बोलावून मटण कुठल्या भागाचं आहे इथपासून सुरुवात केली असती, आई "अहो, पुरे" करत राहिली असती, आणि मी टेबलाखाली तोंड लपवलं असतं. परवा मला ते सगळं हवं होतं.

तेव्हा तुम्ही नोव्हेंबरात आलात की जेवायला लॉकहार्टला जाऊ. आमच्याकडून पाऊण तासावर छोटं गाव आहे, टेक्सासच्या विधिमंडळाने त्याला बार्बेक्यूची राजधानी ठरवलंय. जर्मन खाटकांनी आणलेली पद्धत आहे ही. न विकलेलं मांस टिकावं म्हणून ते धुरावर धरायचे. तिथलं क्राइट्स मार्केट 1900 सालचं. पूर्वी तिथे काटाही देत नसत आणि सॉसही नाही. मांस वजनावर, खाकी कागदात, सोबत पाव, कांदा, लोणच्याची काकडी. दुकानाच्या मागे लाकडांची रास दिसते आणि गाडीतून उतरण्याआधी वास येतो. आईसाठी घरून दही-भात बांधून नेऊ.

सॅन अँटोनियोत परत जाऊच, पण काठावर फक्त चहा. तिथून दक्षिणेला एस्पाडाचा पाट आहे. 1740 च्या दशकात स्पॅनिश पाद्र्यांनी तिथल्या मूळच्या लोकांकडून बांधून घेतलेला, दोन कमानींवर ओढा ओलांडणारा, आणि अजून त्यातून पाणी वाहतं. बाबा, चालणं फार नाही. विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवलीय, तिला नाही म्हणू नका, रांगसुद्धा वाचते.

आई, कांदा-लसूण मसाला आण, चालतो. सुकं मटण मात्र नको, विमानतळावर काढून घेतात. व्हिसाचे दोन्ही फॉर्म मी भरत आणलेत. बाबांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो नीट उजेडात काढून पाठव. मागच्या खेपेला बाबांचा अंगठा नंबरावरच आला होता.

तुमची,
सोनी