लाल दिसला म्हणजे जिवंत असे नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कपाशीचे क्रॉसिंग, म्हणजे संकरित बियाण्यासाठी नर वाणाचा पराग मादी फुलाला हाताने लावणे, सुरू झाले की जालना-बदनापूर पट्ट्यात बीजोत्पादनाच्या प्लॉटवर एक वाद ठरलेला: बोंड धरले नाही, तर दोष नराच्या परागाचा की मजुराच्या हाताचा? निवाड्यासाठी पुढे येते ती अ‍ॅसिटोकार्मिन या लाल रंगद्रव्याची स्लाइड. परागकण भरलेला आहे की पोचट, एवढेच ती सांगते. तोडलेले फूल दुपारपर्यंत उन्हात राहून पराग मेला, तरी तो लालच दिसणार.

जिवंतपणा पाहायचा तर फ्लुरोसिन डायअ‍ॅसिटेट हवे. परागकणांसाठी ही पद्धत हेस्लॉप-हॅरिसन दांपत्याने १९७० मध्येच मांडली. हा पदार्थ स्वतः चमकत नाही. तो पेशीत शिरला की तिथली एस्टरेज विकरे त्याला तोडतात, त्यातून हिरवे चमकणारे फ्लुरोसिन सुटते आणि पेशीचे पटल (पातळ आवरण) शाबूत असेल तरच आत साठून राहते. विकर चालू आणि पटल धड, दोन्ही एकाच चमकीत कळते.

अ‍ॅसिटोनमध्ये मिलीलिटरला २ मिलिग्रॅम असे मूळ द्रावण करावे. साखरेच्या पाण्यात ते थेंबथेंब टाकत जावे आणि पाणी दुधट झाले की थांबावे. जास्त झाले तर स्फटिक पडतात. साध्या पाण्यात कपाशीचे कण फुटतात, म्हणून साखर १० ते २५ टक्के अशी चढवून आधी तपासून घ्यावी. फार सुकलेले पराग अर्धा तास दमट डबीत ठेवूनच द्रावणात टाकावेत, नाहीतर एकदम पाणी ओढून जिवंत कणांचेही पटल गळते. दहा मिनिटांनी निळ्या प्रकाशात, साधारण ४५० ते ४९० नॅनोमीटरला, पाहावे. मोजणी लांबवू नये. फ्लुरोसिन हळूहळू बाहेर झिरपते.

खरी गफलत होते ती कणाच्या कवचाने. ते मुळातच थोडे चमकते. म्हणून ८० अंशांवर दोन तास भाजलेल्या परागाची स्लाइड शेजारी हवीच. तिच्यात दिसणारी चमक कवचाची, जिवाची नव्हे. मेलेले कण दाखवायला प्रोपिडियम आयोडाइड हा लाल चमकणारा रंग मिसळण्याची हौसही इथे आवरावी. भिंतीतल्या पेक्टिनला धरून ते जिवंत कणाचीही कड लाल करते.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटलीचे झाकण सैल राहिले तर अ‍ॅसिटोन उडून प्रमाण बिघडते. आत ओल शिरली तर द्रावण बाटलीतच तुटते, पिवळसर दिसू लागते आणि मग सगळी स्लाइडच हिरवी! असे द्रावण सरळ टाकून द्यावे.

फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक असलेल्या महाविद्यालयांनी आणि कृषी संस्थांनी हंगामात ही तपासणी करून द्यावी. निदान २०० कण मोजावेत आणि अहवालात फूल तोडल्याची व स्लाइड पाहिल्याची, दोन्ही वेळा लिहाव्यात.

आपले,
वनस्पतिशास्त्राचे दोन अध्यापक, जालना