मेडलची कड वाचा हो

मा. संपादक साहेब, नमस्कार.

दर वर्षी 23 सप्टेंबर आला की पहिल्या महायुद्धातल्या हैफाच्या (आता इस्रायलमध्ये) लढाईवर मजकूर येतो, जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्सनी 1918 साली भाले घेऊन तोफा आणि मशीनगनवर घोडे घातले वगैरे. दिल्लीतल्या तीन मूर्ती चौकाला 2018 मध्ये हैफाचं नाव पण जोडलं, चांगलंच झालं. पण फोटो छापून येतो तो त्या लढाईत पडलेल्या जोधपूरच्या मेजर दलपतसिंहांचा, साधा स्वार कुठंच नसतो, म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात जुन्या बाजारात एका पथारीवर कुलपं, अडकित्ते, बंद पडलेली घड्याळं यांच्यामध्ये तीन मेडल दिसली. एक पितळी रंगाचा चांदणीसारखा स्टार, एक इंद्रधनुष्यासारख्या रिबिनीचं, आणि एक काळं पडलेलं चांदीचं. चांदीचं शर्टाला पुसून कडेवरून फिरवलं तर बारीक इंग्रजी अक्षरं, नंबर, हुद्दा स्वार, नाव आणि पुढे पूना हॉर्स, म्हणजे इंग्रजांच्या हिंदी फौजेतली घोडदळाची पलटण. चष्मा कपाळावरून खाली घेऊन दोनदा वाचलं.

आता गंमत बघा, स्टारच्या मधल्या पट्टीवर ऑगस्ट, 1914, नोव्हेंबर एवढंच आहे, पण त्यावरनं कळतं की हा माणूस 22 नोव्हेंबर 1914 च्या आत फ्रान्स नाहीतर बेल्जियममध्ये पोचला होता, कारण त्यानंतर आलेल्यांचा स्टार वेगळा, 1914-15 चा. म्हणजे पहिलाच हिवाळा. पूना हॉर्सवाले तेव्हा फ्रान्समधल्या फेस्टुबर्टला घोडे मागे ठेवून पायदळासारखे चिखलाच्या खंदकात उभे होते. घोडेस्वार म्हणून भरती झालेला माणूस आणि हातात काय तर फावडं! आणि त्या वेळी शिलेदारी पद्धत होती बरं का, शब्द आपलाच, म्हणजे भरती होतानाच घोड्याचे नि सामानाचे पैसे स्वारानं भरायचे. परदेशातल्या लढाईत मेलेल्या घोड्याच्या जागी दुसरा आणायचा कुठनं, ती पद्धत महायुद्धानंतर बंदच पडली.

ही काही शौर्यपदकं नाहीत, मान्य. जो गेला आणि ठरलेल्या अटीत बसला त्याला मिळाली, म्हणून शौकीन लोक पण नाक मुरडतात. माझं म्हणणं उलटं आहे, साहेबाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तर त्याच्यावर पानंच्या पानं लिहिली जातात, स्वाराचं नाव मात्र बऱ्याचदा ह्या कडेवरच उरतं. चांदीचं मेडल भरतं जेमतेम तीन तोळे, आणि घरोघरची अशी कितीतरी मेडल सोनारानं वजनावर घेऊन आटवली असतील, नावासकट. दिवाळीची साफसफाई आता तोंडावर आहे, ट्रंकेत असं काही सापडलं तर ब्रासो मारू नका, आधी कड वाचा, फोटो काढा. आणि तुमच्या रविवार पुरवणीत वाचकांनी पाठवलेली अशी नावं छापायला चौकट दिलीत तर फार बरं होईल.

त्या दिवशी खिशात तेवढे पैसे नव्हते, पथारीवाल्याला ठेवून दे म्हटलं. बुधवारी गेलो तर स्टार आणि रिबिनवालं तिथंच होतं, चांदीचं गेलं होतं. कोण घेऊन गेलं विचारलं तर म्हणाला, वजनावर दिलं काका.

आपला,
एक जुना वाचक, पुणे