तपासणीच्या फॉर्मवर नसलेला प्रश्न

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

माझी मुलगी तिसरीत आहे. दोन वर्षं तिची चड्डी रोज ओली व्हायची, कधी शीचे डागही. आम्ही तिला आळशी म्हटलं. मी दोनदा हातही उचलला, आता आठवलं की पोटात तुटतं. लघवीची तपासणी, सोनोग्राफी, जंताचं औषध झालं. शेवटी पुण्यात लहान मुलांच्या फिजिओथेरपिस्टसमोर ती बोलली. शाळेच्या संडासाला कडी नाही, मैत्रिणीला दार धरायला सांगायची लाज वाटते, म्हणून घरी येईपर्यंत दाबून ठेवते. त्यातून शीचे खडे झाले, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबू लागलं आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेले ते बसल्यावरही सैल पडेनात.

उपचार ऐकून मला हसू आलं होतं. आधी बरेच महिने पोट साफ राहण्याचं औषध. लागो न लागो, दर दोन-अडीच तासांनी शूला जायचं. कमोडवर बसताना पायाखाली पाट, हातात साबणाच्या फुग्यांची बाटली. लांब फुंकर मारताना खालचे स्नायू ढिले सोडायला जमतात. या स्नायूंचा व्यायाम म्हटला की जो तो ‘आवळा’ सांगतो, हिला नेमकं उलट शिकायचं होतं. सहा महिन्यांनी दप्तरातली जादा चड्डी तिने स्वतःच काढून ठेवली.

साहेब, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक दरवर्षी शाळेत येतं, वजन, दात, डोळे बघतं. मूळ यादीत ३० आजार, त्यांत ना बद्धकोष्ठ, ना ओलं अंथरूण. मग विचारणार कोण? फॉर्मवर दोनच प्रश्न वाढवा : रोज शी होते का, चड्डी ओली होते का. या कार्यक्रमाच्या जिल्हा केंद्रांत फिजिओथेरपिस्टचं पद असतं, त्यांना हे काम शिकवा. रोज बुडवून पुण्याच्या फेऱ्या मारणं सगळ्यांना परवडत नाही.

कडी बसवणं शिक्षण खात्याचं काम, हे ठाऊक आहे. पण मंत्रिमंडळात भेट होतच असेल, तेव्हा कानावर घाला. आमच्या शाळेत ती आम्ही पालकांनी वर्गणी काढून बसवली.

आपली,
एक आई