बाबा, त्या हवेतल्या बोटांबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

दिवाळीत आपण ‘द पियानिस्ट’ बघत होतो. व्हीलचेअरमधल्या म्हाताऱ्याला सैनिक गॅलरीतून खाली फेकतात, तिथे आई उठून आत गेली ती गेलीच. बाबा, तुम्ही शेवटपर्यंत बसलात आणि बोललात एकाच प्रसंगावर. लपायच्या खोलीत पियानो आहे, पण आवाज झाला तर संपलं. म्हणून नाझींपासून लपलेला ज्यू पियानोवादक श्पिलमान पट्ट्यांना हात न लावता हवेतच बोटं फिरवतो. “भाता न मारता पेटी,” म्हणालात. ते डोक्यातून जाईना, म्हणून तसले सिनेमे शोधत बसले.

सगळ्यांत भिडला तो आंद्रेई वायदांचा ‘कनाल’, १९५७चा, कृष्णधवल. १९४४ला पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, जर्मनांविरुद्ध झालेल्या उठावात हरलेली एक तुकडी गटारांतून निसटू बघते. त्यांच्यात एक संगीतकार आहे. वर असताना तो पडक्या घरातला पियानो वाजवतो. खाली त्या अंधारात, घाणीत त्याचं डोकं फिरतं आणि ओकारिना (मातीची बुटकी बासरी समजा) फुंकत एकटाच कुठेतरी निघून जातो. बराच वेळ तो सूर ऐकू येत राहतो. मला हे ‘पियानिस्ट’पेक्षा खरं वाटलं. ‘पियानिस्ट’चे दिग्दर्शक पोलान्स्की यांनी तरुणपणी वायदांच्याच पहिल्या सिनेमात छोटं काम केलं होतं. ते स्वतः क्राकुवच्या घेट्टोतून (ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतून) वाचलेले. त्यांची आई नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत गेली ती परत आली नाही.

आणखी एक, बाबा. जर्मन अधिकाऱ्यासमोर सिनेमात पोलिश संगीतकार शोपँचं बॅलड वाजतं. खऱ्या श्पिलमानने वाजवलं होतं शोपँचंच नॉक्टर्न (रात्रीच्या भावाची शांत रचना), सी शार्प मायनर. २३ सप्टेंबर १९३९ला बाहेर बॉम्ब पडत असताना वॉर्सा रेडिओवर त्याने वाजवलं, तेच!

ऑशविट्झमधल्या बायकांच्या वाद्यवृंदावर १९८०चा ‘प्लेइंग फॉर टाइम’ आहे. तो आईसमोर लावू नका.

आई, तू म्हणालीस, कुठलं ते पोलंड. अगं, आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या कॅम्पात त्याच युद्धातले पाचेक हजार पोलिश लोक राहत होते की!

‘कनाल’ पेनड्राइव्हवर पाठवतेय. उपशीर्षकं इंग्रजी आहेत. बाबा, आईला वाचून दाखवा, पण शेवट आधी सांगू नका. आणि पेटीचा भाता फाटलाय म्हणत होतात ना? दुरुस्तीचे पैसे पाठवलेत. नको म्हणू नका.

तुमची,
मनू