मंत्रिमहोदय, एक सिलिंडर १७ मिनिटांत संपतो

मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या शेडमध्ये आलेला प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो, “मशीन केवढ्याला पडलं?” बँकेचे साहेब विचारतात, मेहुणे विचारतात, उद्घाटनाला आलेले पुढारी तर विचारतातच. चालवायला काय पडतं, हे आजवर फक्त माझ्या बायकोनं विचारलंय, कारण हिशेबाची वही तिच्याकडे असते. आपल्याला तेच सांगायचं आहे.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझं लेसर कटिंगचं जॉबवर्क आहे, म्हणजे गिऱ्हाईक सांगेल तसा पत्रा कापून द्यायचा. वडील उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात शिअरिंग मशीन आणि गॅस कटरवर पत्रा कापायचे. मी कर्ज काढून तीन किलोवॉटचं फायबर लेसर घेतलं. ट्रेलरचे ब्रॅकेट, मशिनरीचे गार्ड, पॅनेल बोर्डाची दारं, हॉटेलच्या किचनचं स्टेनलेसचं काम, जे येईल ते कापतो.

लेसर म्हणजे उजेडानं कापणं, मग त्याला खर्च कसला, असं लोकांना वाटतं. उजेड धातू फक्त वितळवतो. वितळलेला रस फटीतून खाली ढकलायला गॅसच लागतो. जाड लोखंडाला ऑक्सिजन चालतो. त्यात लोखंड स्वतःच जळून उष्णता देतं, त्यामुळे दाब एक बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास असला तरी भागतं. पण कापलेल्या कडेवर काळपट थर राहतो आणि त्यावर पावडर कोटिंग धरत नाही, पोपडे निघतात. म्हणून गिऱ्हाईक नायट्रोजन कट मागतं. स्टेनलेसची कड चकचकीत हवी असेल तर नायट्रोजनला पर्याय नाही, आणि तो दहा-पंधरा बारच्या जोरानं मारावा लागतो.

आता हिशेब बघा. दोन मिलिमीटरच्या नोझलमधून, म्हणजे गॅस सोडणाऱ्या तोटीतून, १२ बारनं नायट्रोजन सोडला की तासाला साधारण २५ घनमीटर जातो. नेहमीच्या मोठ्या सिलिंडरात मावतो सात घनमीटर. म्हणजे सलग कटिंग चाललं तर १७ मिनिटांत सिलिंडर खलास. तोही पुरता रिकामा होत नाही. आतला दाब कामाच्या दाबापर्यंत उतरला की कड बिघडायला लागते, मग सिलिंडर काढावा लागतो. निदान दहावा हिस्सा गॅस आम्ही पैसे मोजून परत पाठवतो. ऑपरेटरनं चुकून दोनऐवजी तीनचं नोझल लावलं तर गॅस सव्वादोन पट जातो. एकदा रात्रपाळीला असं झालं. सकाळी रिकाम्या सिलिंडरांची रांग बघून आधी मला चोरीच वाटली.

यावर जाणकार लगेच सांगतात, लिक्विड घ्या. बरोबर आहे. एक लिटर द्रवरूप नायट्रोजनचा सुमारे ६९० लिटर गॅस होतो. पण तो उणे १९६ अंशांवर असतो, मशीन बंद असलं तरी हळूहळू उडत राहतो. ज्याच्याकडे रोज दोन पाळ्या काम आहे त्याला ते परवडतं. माझ्यासारख्याकडे आठवड्यात दोन दिवस स्टेनलेस आणि बाकी दिवस लोखंड, मग ड्युरा सिलिंडरातला (द्रवरूप गॅस ठेवायच्या सिलिंडरातला) माल हवेत जातो. मोठी टाकी बसवायची तर हजार लिटरच्या वर पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्थेचा परवाना लागतो, भोवती मोकळी जागा लागते. माझ्या प्लॉटवर टेम्पो वळवायला जागा नाही, टाकी कुठे ठेवू?

शेवटी मी पातळ पत्र्याला हवाच वापरायला लागलो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. मोठा कॉम्प्रेसर, ड्रायर, फिल्टर आणले. गॅसचं बिल उतरलं आणि विजेचं चढलं. मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायची ती मर्यादा, वाढवायला अर्ज, पुन्हा सुरक्षा ठेव, आणि मग वाट बघणं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मी गॅस विकत घेतच नव्हतो, वीजच घेत होतो. नायट्रोजनच्या प्लांटचा कच्चा माल म्हणजे हवा, ती फुकट. पैसे जातात ती गार करून वेगळी करायला, म्हणजे विजेला. त्यामुळे विजेचा दर वाढला की तो मला दोनदा लागतो, एकदा माझ्या मीटरवर, एकदा सिलिंडरच्या बिलात.

(जीएसटीचं रडगाणं मी गाणार नाही. तो इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे आम्ही भरायच्या करातून वजा होऊन, परत मिळतो.)

२०१६ पासून विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांना विजेत जादा सवलत मिळाली. त्यांना मिळू नये असं कोल्हापूरकर म्हणणार नाही. पण आमची गाठ बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीशी आहे. गिऱ्हाईक दोन्हीकडून कोटेशन मागवतं आणि कटिंगच्या मीटरमागे रुपया-दोन रुपयांच्या फरकावर काम तिकडे जातं.

आणखी एक गोष्ट. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या लाटेत, केंद्रानं मोजके उद्योग सोडून बाकीच्यांचा ऑक्सिजन थांबवला. माणसं मरत होती, आम्ही आपणहून सिलिंडर दिले, त्याचं काही नाही. पण त्याच वर्षी जुलैत पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं, वाहतूक थांबली आणि गॅसही थांबला. २०१९ च्या ऑगस्टमध्येही तेच. कोल्हापूरचा पत्रा कापला जाणार की नाही, हे रस्त्यावर ठरतं.

म्हणून मागणी सवलतीची नाही. एका भागातल्या लहान उद्योगांसाठीच्या क्लस्टर योजनेत सामायिक सुविधा केंद्र, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायची सोय, करता येतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावला प्रत्येकी एक मोठी द्रवरूप नायट्रोजनची टाकी, तिथूनच उच्च दाबाचे सिलिंडर भरण्याची सोय, आणि जमेल तिथे शेजारच्या शेडपर्यंत पाइप. परवाना एकदाच, जागा एमआयडीसीची, गॅसचे पैसे वापरणारा मोजेल. टाकी पूररेषेच्या वर बसवा, एवढं मात्र बघा. आणि भारवाढीच्या अर्जाला मुदत घाला. मशीनला अनुदान देऊन कॉम्प्रेसरला वीज न देणं म्हणजे बैल दिला आणि वैरण विसरली.

कोल्हापूरला आलात तर शेडवर या. भाषण नको, सत्कार नको. ऊर्जा खात्यातला एखादा अधिकारी सोबत आणा. नवा सिलिंडर जोडतो, स्टेनलेसचा पत्रा लावतो, चहा सांगतो. दुसरा कप येईपर्यंत सिलिंडर बदलायची वेळ झालेली असेल.

आपला,
शिरोलीतला एक जॉबवर्कवाला