धरण किती भरले याबरोबर किती रिकामे आहे तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै लागला की आपल्या अंकात रोज धरणसाठ्याची चौकट येते. कोयना इतके टक्के, वारणा इतके टक्के, धोम इतके टक्के. आकडा वाढताना बघून जतपासून वाळव्यापर्यंत सगळ्यांनाच बरे वाटते. पण सांगलीत नदीकाठी राहणाऱ्याला त्या टक्क्यांतून हवे ते कळत नाही. त्याला धरणात उरलेली जागा कळायला हवी, आणि तीही टीएमसीमध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांत.

कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, वारणेची ३४.४० आणि धोमची १३.५०. तिन्ही धरणे '९० टक्के' भरली असे छापून आले, तर कोयनेत साडेदहा टीएमसी जागा असते, वारणेत सुमारे साडेतीन आणि धोममध्ये जेमतेम १.३५. शिवाय टक्केवारी एकूण साठ्याची आहे की उपयुक्त (वापरता येणाऱ्या) साठ्याची, हेही बहुतेक वेळा लिहिलेले नसते.

साडेदहा टीएमसी जागा पुष्कळ वाटते. ती किती वेळ पुरते ते बघा. कोयना धरणाचे पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या भागातला पाऊस धरणात येतो तो भाग, सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. त्यावर सरासरी १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि सगळा वाहून आला, तर धरणात तीन टीएमसीहून थोडे जास्त पाणी येते. ऑगस्टपर्यंत जमीन पाणी पिऊन तुडुंब झालेली असते, त्यामुळे पडलेला बहुतेक पाऊस वाहूनच येतो. म्हणजे सगळ्या पाणलोटात ३०० मिलिमीटर कोसळला, तर एका दिवसात नऊ-साडेनऊ टीएमसी! २२-२३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत एकट्या महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. आता सोडण्याची बाजू. ११,५७४ क्युसेकने (सेकंदाला तितके घनफूट) अखंड चोवीस तास पाणी सोडले की १ टीएमसी होते. ५०,००० क्युसेकचा विसर्ग ऐकून आपल्या पोटात गोळा येतो, पण त्याने दिवसाला सव्वाचार टीएमसीच बाहेर पडते. एवढा पाऊस असेल तर धरणात येणारे पाणी त्याच्या दुपटीहून जास्त असते.

मग आधीच का सोडत नाहीत, असे दर पुराला विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. अडचण अशी की, कोयनेत पाणी सांडव्याच्या (जादा पाणी सोडायच्या वाटेच्या) माथ्याच्या वर चढल्याशिवाय सहा वक्र दरवाजांतून सोडता येत नाही. त्याखालच्या पाण्याला पूर्वेकडे यायला मुख्य वाट पायथा वीजगृहाची, २,१०० क्युसेकची. या वाटेने दिवसाला ०.१८ टीएमसी पाणी जाते. दहा टीएमसी जागा करायला जवळजवळ दोन महिने लागतील. 'पश्चिमेला वळवा' म्हणणाऱ्यांनी २२ जुलै २०२१ चे चिपळूण आठवावे. वीजनिर्मितीचे पाणी जिकडे जाते ती वाशिष्ठी त्या दिवशी स्वतःच शहरात शिरली होती.

आणि धरण मुद्दाम रिकामे ठेवले, पुढे पाऊसच झाला नाही, तर? २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला आणि कोयना भरलेच नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या तिन्ही योजना कृष्णेतून पाणी उचलतात आणि उन्हाळ्यात त्यांची भिस्त कोयनेवरच असते. आटपाडीच्या डाळिंबाला आणि जतच्या ज्वारीला धरण काठोकाठ भरलेले हवे. सांगलीच्या नदीकाठच्या दत्तनगरला, सूर्यवंशी प्लॉटला ते ऑगस्टमध्ये थोडे रिकामे हवे. दोन्ही मागण्या खऱ्या आहेत. त्यांची सांगड घालण्यासाठी कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची याचा जलाशय परिचालन आराखडा असतो. तो आपल्या चौकटीत कधी दिसत नाही.

धरणाने काय दिले हे आम्ही नाकारत नाही. कोयनेच्या १,९६० मेगावॉटवर हे राज्य उभे राहिले, आणि त्यासाठी ज्यांची गावे शिवसागरात गेली त्यांना १९७६ चा पुनर्वसन कायदा येण्याआधीच घरदार सोडावे लागले. त्यांच्या हक्काची जमीन हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. इथे एकच तोटा सांगतो, कारण तो सहसा लक्षात येत नाही. धरण लहान पूर पोटात घेते. चार-पाच वर्षे पाणी आले नाही की निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्यात, प्लॉट पडतात, घरे उठतात. मोठा पूर मात्र धरणाला पूर्ण अडवता येत नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. त्यात धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटातला पाऊसही असतो. दरवाजे बंद असले तरी तो येतोच.

नदीकाठच्या शेतकऱ्याला मोटर वर काढायची तर आधी पाइप सोडवायचा, स्टार्टरची पेटी उतरवायची, मग चेनपुली लावून मोटर ओढायची. चार माणसे आणि अर्धा दिवस हवा. अंधारात, चिखलात ते होत नाही. मोटर बुडाली की रिवाइंडिंगचा खर्च ठरलेला. गोठ्यातली जनावरे हलवायलाही तेवढाच वेळ लागतो. कोयनेचे पाणी सांगलीत पोहोचेपर्यंत वेळ असतो, पण आकडे आदल्या दिवशी कळले तरच तो हाती लागतो.

म्हणून आपल्या चौकटीत प्रत्येक धरणापुढे रिकामी जागा, येणारे पाणी, सोडलेले पाणी आणि आराखड्यानुसार त्या तारखेला अपेक्षित असलेला साठा द्यावा. खाली कराड, बहे, भिलवडी आणि आयर्विनची सकाळची पातळी, आदल्या दिवसापेक्षा किती फूट कमी-जास्त तेही. पाटबंधारे खात्याकडे हे आकडे रोज असतात. १५ जूनपासून १५ ऑक्टोबरपर्यंत पहिल्या पानावर एवढी जागा द्या.

आपले,
कृष्णाकाठचे काही वाचक, सांगली